चाटू आणि पाटी : हातांच्या शिक्षणाचा एक मागोवा



ज्या मुख्याध्यापकांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान दरवर्षी योजले जाते, त्यांच्या कारकिर्दीत मी या शाळेत शिकलो. त्यांचे इंग्रजी व्याकरण, त्यांची शिस्त, त्यांची काळी टोपी यांविषयी या व्यासपीठावरून यापूर्वी पुष्कळ सांगितले गेले आहे. मी त्यांच्या दुसऱ्या एका कार्याविषयी बोलणार आहे. पटांगणाच्या कडेला, कडुनिंबाखाली, पत्र्याच्या छपराची एक लांबट खोली आहे. तिला गेली कित्येक वर्षे कुलूप आहे. आत मोडके बाक आहेत, असे मला शिपायाने सांगितले. ती खोली म्हणजे आमची सुतारकामाची कार्यशाळा होती.

आज येताना मी घरून एक वस्तू आणली आहे. ती येथे टेबलावर ठेवली आहे. हा लाकडी चाटू १९६३ साली त्या खोलीत तयार झाला. बासष्ट वर्षांहून अधिक काळ तो आमच्या घरात वापरात आहे. या एका वस्तूच्या आधाराने हातांच्या शिक्षणाचा इतिहास आपल्यासमोर मांडावा, असा माझा अल्प प्रयत्न आहे.

प्रथम वस्तूविषयी. आमच्या बडोद्याच्या मराठी घरांत स्वयंपाकघराला दोन भाषा असतात. आजी ज्याला पोळपाट-लाटणे म्हणे, त्याला शेजारच्या काकी आडणी-वेलण म्हणत. आमचे उलथने त्यांचा तवेथो होई आणि आमची पळी त्यांची कडछी. चाटू मात्र आमच्याकडे चाटूच राहिला. पितळेच्या पातेल्याला आतून कथलाची कल्हई असे. धातूचा डाव तळाशी घासला की कल्हई खरवडली जाई आणि आंबट पदार्थ पितळेला लागून कळकत असे. म्हणून पिठले, कढी, सांजा, खीर हे ढवळण्यास लाकूडच हवे. शिवाय लाकडी दांडा तापत नाही. स्टेनलेस स्टील घरोघर आले तसा चाटू मागे पडला; पुढे न चिकटणारी भांडी आली आणि तो परत आला. घरातील वस्तूंनाही इतिहास असतो, तो असा.

लाकडी पळीचा आपल्याकडील उल्लेख फार प्राचीन आहे. श्रौत यज्ञात आहुती देण्याची पात्रे लाकडाची असत आणि कोणते पात्र कोणत्या झाडाचे, हेही ठरलेले असे. जुहू पळसाची, उपभृत् पिंपळाची, ध्रुवा विकंकताची, स्रुवा खैराचा. ज्याने हा नियम घालून दिला त्याला लाकडाची पारख होती, एवढे उघड आहे. परंतु याच परंपरेत, लाकूड घडविणाऱ्या रथकाराला अग्न्याधानाचा अधिकार आहे की नाही, याची चर्चा पूर्वमीमांसेत करावी लागली. पळी पवित्र होती. ती घडविणाऱ्या हाताविषयी मात्र शंका होती. आपल्या इतिहासातील एक मोठी गाठ येथे आहे आणि ती पुढे दोन-अडीच हजार वर्षे सुटली नाही.

गावगाड्यात सुतार हा बलुतेदार. औत, गाडा, दारे, खिडक्या हे सारे त्याच्याकडे. मोबदला म्हणून सुगीला धान्य. त्याची विद्या बापाकडून मुलाकडे जाई. तिला पाटी नव्हती, पुस्तक नव्हते. दुसरीकडे पंतोजींच्या शाळेत धुळाक्षरे, मोडी, पावकी-निमकी यांचा घोष चाले; तिथे वाकस आणि रंधा यांना प्रवेश नव्हता. इंग्रजी अमदानीत नव्या शाळा निघाल्या, पण ही भिंत तशीच राहिली. किंबहुना ती अधिक जाड झाली, कारण आता पुस्तकी विद्येला सरकारी नोकरीचे फळ लागले. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन करताना जोतीराव फुले यांनी प्राथमिक शिक्षण बहुजनांपर्यंत न्यावे, असा आग्रह धरला आणि त्या शिक्षणात मोडी व बाळबोध लिहिणे-वाचणे, हिशेब यांबरोबरच शेतीचे प्राथमिक ज्ञान असावे, असेही सांगितले. कष्ट करणाऱ्याच्या मुलाला शाळेत आणावयाचे, तर शाळेने त्याच्या कष्टांची दखल घेतली पाहिजे, हा त्यातील आशय मला फार महत्त्वाचा वाटतो.

आपल्या शहराचे भाग्य असे की, या भिंतीला पहिले मोठे खिंडार येथे पडले. तिसरे सयाजीराव महाराज दत्तक म्हणून १८७५ साली बडोद्यास आले. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यातील शेतकऱ्याच्या घरचा तो बारा वर्षांचा मुलगा. अक्षरओळख त्यांना येथे आल्यावर झाली. शिक्षणाचे मोल त्यांना इतके का कळले, याचे उत्तर या एका गोष्टीत असावे. १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग त्यांनी सुरू केला आणि १९०६ मध्ये तो सर्व संस्थानाला लागू केला. त्याआधीच, १८९० मध्ये, त्यांनी कलाभवनाची स्थापना केली होती. रसायनशास्त्राचे अध्यापक त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे त्याचे पहिले प्रमुख. तेथे चित्रकला, वास्तुकाम, यंत्रकाम, रंगाई आणि विणकाम असे विषय शिकविले जात आणि शिक्षणाचे माध्यम देशी भाषा हे होते. ही गोष्ट त्या काळी धाडसाची होती. कारागिराच्या मुलाला इंग्रजी येत नाही म्हणून त्याला विज्ञान नाकारावयाचे नाही, ही गज्जरांची भूमिका. भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके हे याच कलाभवनाचे विद्यार्थी. १९४९ साली महाराजा सयाजीराव विश्वविद्यालय स्थापन झाले आणि कलाभवन त्याच्या तंत्रज्ञान विद्याशाखेत सामावले गेले.

तथापि कलाभवन हे धंदेशिक्षण होते. जो कारागीर होणार, त्याने चांगला कारागीर व्हावे, हा त्याचा हेतू. जो कारागीर होणार नाही, त्यानेही हात का चालवावेत, हा प्रश्न निराळा आहे. तो युरोपच्या उत्तरेकडील देशांत विचारला गेला.

फिनलंडमध्ये उनो सिग्नेउस यांच्या प्रयत्नांनी १८६६ च्या लोकशाळा कायद्यात हस्तकामाला सक्तीच्या विषयाचे स्थान मिळाले. स्वीडनमध्ये गोथेनबर्ग शहराजवळ नेस या ठिकाणी ओटो सॉलोमन यांनी, आपले मामा आणि व्यापारी ऑगस्ट अब्राहमसन यांच्या आश्रयाने, १८७५ मध्ये शिक्षकांसाठी अध्यापन-वर्ग उघडला. या पद्धतीला ‘स्लॉइड’ म्हणतात. देशोदेशीचे शिक्षक तेथे शिकून गेले. पद्धत अशी : मुलाने सोप्याकडून अवघडाकडे जाणाऱ्या वस्तूंची एक माला स्वतः पूर्ण करावयाची. आरंभी फुलझाडाला आधार देण्याची काठी, मग कागद कापण्याची लाकडी सुरी, पुढे हातोडीचा दांडा, चमचा, पळी. पहिले हत्यार साधा चाकू. वस्तू घरात वापरता आली पाहिजे. केवळ शोभेची नको. ध्येय सुतार घडविण्याचे नव्हते. नजर अचूक व्हावी, लक्ष टिकावे, कष्टांविषयी आदर वाटावा, आपले काम आपण शेवटास न्यावे, हे ध्येय. सॉलोमन यांचा आणखी एक कटाक्ष होता की, हा विषय कारागिराने नव्हे, तर वर्गाच्या शिक्षकानेच शिकवावा. या मुद्द्याकडे मी पुन्हा येईन.

आपल्या देशात हा विचार दोन वाटांनी आला. शांतिनिकेतनचे लक्ष्मीश्वर सिन्हा हे स्लॉइड शिकण्यासाठी स्वीडनला गेले होते. दुसरी वाट गांधीजींची. दक्षिण आफ्रिकेत १९१० मध्ये टॉलस्टॉय फार्म वसला, तेव्हा त्यांचे मित्र हर्मन कॅलेनबाख यांनी ट्रॅपिस्ट मठात चपला बनविण्याची कला शिकून घेतली, गांधीजी ती त्यांच्याकडून शिकले आणि मुलांना शिकविली. कॅलेनबाख सुतारकामही शिकवीत. या अनुभवाचा विस्तार म्हणजे वर्धा योजना. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यास शिक्षण परिषद भरली. डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि डिसेंबरमध्ये तिचा अहवाल आला. सूतकताई व विणकाम, सुतारकाम, शेती यांसारखा एखादा मूलोद्योग मध्यवर्ती ठेवून गणित, विज्ञान, समाजपरिचय हे विषय त्याला जोडून शिकवावेत, अशी ही कल्पना. मुलांनी केलेल्या वस्तूंच्या विक्रीतून शाळेचा खर्च भागावा, या मुद्द्यावर मात्र परिषदेतच प्रा. के. टी. शहा यांनी कडक आक्षेप घेतला. समितीनेही बजावले होते की, उत्पादनाच्या हिशेबापायी शिक्षणाचा हेतू झाकोळला जाऊ नये. हा इशारा योग्य होता. पुढे अनेक ठिकाणी टकळ्या नुसत्या फिरत राहिल्या आणि गणित मात्र जुन्याच पद्धतीने फळ्यावर चालले.

आता आपल्या खोलीकडे वळतो.

आमच्या मुख्याध्यापकांनी ती खोली कोणत्या अहवालाच्या आधारे काढली, हे ते कधी बोलले नाहीत. पण त्यांनी एक गोष्ट सॉलोमन यांच्या नेमकी उलट केली. त्यांनी वर्गशिक्षकाला सुतारकामाचे शिक्षण देण्याऐवजी एका सुतारालाच शिक्षक नेमले. बडोद्यात सुताराला मिस्त्री म्हणण्याची रीत. पहिल्याच दिवशी मुख्याध्यापक आमच्या वर्गात आले आणि म्हणाले, “हे तुमचे मास्तर. यांना मिस्त्री म्हणालेले मला ऐकू येता कामा नये.” मास्तर घरी गुजराती बोलत, आमच्याशी मराठीत. त्यांना सही करण्यापुरते लिहिता येई. शिक्षकांच्या खोलीत त्यांच्यासाठी इतरांच्यासारखीच खुर्ची होती. ती कोपऱ्यात नव्हती, हे मला आज आठवते.

पहिले तीन महिने आम्हांला लाकूड मिळालेच नाही. हत्यारांना धार लावणे, एवढेच काम. दगडावर पाणी टाकावयाचे, पटाशीची उतरती बाजू दगडाला पूर्ण टेकवावयाची आणि ती न डोलविता पुढेमागे न्यावयाची. धार लागली की नाही, हे मास्तर अंगठ्याच्या नखावर पाते टेकवून पाहत. घसरले की परत दगडाकडे. बोथट हत्यारावर जोर द्यावा लागतो आणि जोर दिला की हात कापतो, हे त्यांचे पहिले सूत्र.

मग चाटू. मास्तरांनी शिवणीचे ओले ओंडके आणले. साग का नको, असे एकाने विचारले. मास्तर म्हणाले, सागाला स्वतःचे तेल असते, वास असतो. ते दाराला चांगले, तोंडात जाणाऱ्या वस्तूला नव्हे. ओंडका करवतीने न कापता कुऱ्हाडीने उभा फोडला, कारण फोडताना लाकूड आपल्या नसेनेच उलगडते आणि तिची दिशा दिसते. करवत नस ओळखत नाही. फळीवर कोळशाने आकार काढला. आधी वाटी कोरावयाची, मग बाहेरची बाजू तासावयाची. ठोकळा जाड असेतो तो पक्का धरता येतो. वाटी कोरताना गोल पात्याची पटाशी दोन्ही टोकांकडून मधल्या खोलगट भागाकडे न्यावयाची. तळ ओलांडून पलीकडे चढू लागले की पाते नसेच्या उलट जाते आणि लाकूड उपटून येते. बाहेरच्या बाजूस याच्या उलट : सर्वांत रुंद जागेकडून टोकांकडे. “उतारावरून चाला,” असे मास्तर म्हणत. मला भूमिती त्या दिवशी प्रथम कळली, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

सर्वांत अवघड जागा म्हणजे मान. वाटी आणि दांडा जेथे मिळतात ती. तेथे नस दोन दिशांनी कापली जाते. मी घाई केली. वाकसाचा घाव उलट बसला आणि मानेपासून वाटीच्या काठापर्यंत बारीक चीर गेली. घंटा होण्यास पंधरा मिनिटे होती. प्रदर्शन चार दिवसांवर आले होते.

माझ्या शेजारी एक वर्गबंधू बसत असे. त्याचे वडील शहरात सुतारकाम करीत. पुस्तकांत तो मागे होता. इंग्रजीत तर फारच. त्याने माझा चाटू उजेडात धरून फिरवून पाहिला. चीर ज्या बाजूस होती ती बाजू त्याने बरीच खाली तासली, मान तिरपी केली, वाटीचा काठ एका अंगाने उतरता घेतला. चीर लाकडासकट निघून गेली. त्यामुळे चाटूला एक बाक आला आणि तो पातेल्याच्या कडेला नेमका बसू लागला. आपण पाहाल, तो बाक अजून आहे. पुढचे काम मी केले : सावलीत कापडात गुंडाळून सुकविणे, काचेच्या तुकड्याने खरवडणे, पाण्याचा हात लावून उठलेले तंतू पुन्हा काचकागदाने घासणे, शेवटी जवसाचे तेल.

प्रदर्शनात या चाटूला पहिले बक्षीस मिळाले. परीक्षक पाहुण्यांनी त्याच्या तिरप्या मानेची विशेष प्रशंसा केली. मी व्यासपीठावर गेलो, नमस्कार केला, बक्षीस घेतले आणि काहीच बोललो नाही. तोही बोलला नाही. मास्तरांना सारे ठाऊक होते. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिले, एवढेच.

त्या वर्षीच्या वार्षिक परीक्षेत माझा वर्गबंधू इंग्रजीत आणि बीजगणितात नापास झाला. सुतारकामाला गुणपत्रिकेत रकाना नव्हता. वेळापत्रकात तास होता, हत्यारे होती, शिक्षक होते, खुर्ची होती. रकाना तेवढा नव्हता. ज्या एका विषयात तो आम्हां सर्वांच्या पुढे होता, तो विषय मोजला गेला नाही. त्याने शाळा सोडली.

त्यानंतर वीस-बावीस वर्षांनी आमच्या घराची दारे बदलावयाची होती, तेव्हा तो कामाला आला. मी म्हटले, “अरे, तू!” तो म्हणाला, “ओळखलंत का साहेब?” शाळेत आम्ही एकमेकांना अरे-तुरे करीत होतो. मधल्या काळात त्याचा ‘तू’ नाहीसा झाला होता आणि माझा तसाच राहिला होता. मी स्वयंपाकघरातून चाटू आणून त्याच्या हाती दिला. त्याने मानेवरून अंगठा फिरविला आणि म्हणाला, “मान धरली बघा.” बक्षिसाविषयी बोलावे, असे माझ्या मनात होते. चहा आला आणि ते राहून गेले. आज तो हयात नाही.

बंधुभगिनींनो, मी जो इतिहास सांगितला, तो सारा या एका प्रसंगात मला दिसतो. सयाजीरावांनी कारागिरांसाठी दार उघडले. सॉलोमन यांनी हात आणि बुद्धी यांची सांगड घातली. वर्धा योजनेने उद्योगाला मध्यभागी बसविले. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने ‘कार्यानुभव’ सुचविला. १९७७ च्या ईश्वरभाई पटेल समितीने ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ हे नाव दिले. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना असावेत आणि त्यांनी स्थानिक कारागिरांसोबत काम करावे, असे म्हणते. नावे बदलत गेली. प्रत्येक वेळी हातांना शाळेत बोलावले गेले आणि प्रत्येक वेळी त्यांना पाहुण्यासारखे बसविले गेले. ज्यांना पुस्तक जमत नाही त्यांच्यासाठी हस्तव्यवसाय, अशी आपली समजूत अजूनही आहे. माझा अनुभव उलट आहे. त्या खोलीची गरज माझ्या वर्गबंधूला नव्हती. त्याची कार्यशाळा त्याच्या घरी होती. गरज मला होती. त्याला गरज होती ती गुणपत्रिकेतील रकान्याची.

येथून सुमारे पन्नास किलोमीटरवर संखेडा आहे. तेथील खरादी लाकूड कातून त्यावर लाखेचे काम करतात, त्याची कीर्ती दूरवर गेली आहे. असे हात आपल्या परिसरात आजही आहेत. त्यांना वर्षातून एक दिवस पाहुणे म्हणून बोलवावे, की शिक्षकांच्या खोलीत त्यांच्यासाठी खुर्ची ठेवावी, हे आपण ठरवावयाचे आहे.

ती खोली पाडून तेथे वाहनतळ करावा, असा विचार चालू असल्याचे माझ्या कानी आले आहे. चालकांच्या अडचणी मी जाणतो. त्यांना उपदेश करण्याचा माझा अधिकार नाही. माजी विद्यार्थी या नात्याने एवढीच विनंती करतो की, कुलूप एकदा काढून आत पाहावे. पत्रा बदलता येईल. दगड, पटाशा आणि वाकस यांचा पहिल्या वर्षाचा खर्च मी आणि माझे काही वर्गमित्र उचलू. अट एकच : सुतारकाम सर्वांना असावे आणि त्याचे गुण मोजले जावेत.

हा चाटू मी आज शाळेच्या स्वाधीन करीत आहे. तो कपाटात ठेवणार असाल, तर खालच्या चिठ्ठीवर दोन नावे लिहावीत. माझे आपणांस ठाऊकच आहे. दुसरे मी त्याच्या मुलाची संमती घेऊन चालकांकडे लिहून दिले आहे; ते आधी लिहावे.